अंधारी खोली

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका प्रयोगाचं उत्पादन ११० टक्के भरलं. टाकलेल्या मालाच्या हिशेबानं जास्तीत जास्त जेवढं निघू शकतं, त्याच्यापेक्षा दहा टक्के जास्त. ७० आलं असतं तर सर "बरंय" म्हणाले असते. ९० आलं असतं तर शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवलं असतं. ११० ऐकल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग तराजूकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. "ओलं असेल. वाळव."

वाळवलं. फिल्टर पेपरमध्ये दाबलं, डेसिकेटरमध्ये ठेवलं, शेवटी व्हॅक्युम ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर. सकाळी वजन तेवढंच. स्फटिक ओले दिसतही नव्हते. खडीसाखरेसारखे स्वच्छ, कडा तासून काढल्यासारख्या. दुसऱ्या कुणाला अभिमान वाटला असता, मला मात्र तीन दिवस जेवण गेलं नाही. कारण मधल्या काळात "वजनं मनानं लिहिलीस का?" हे एकदा थट्टेत आणि एकदा थट्टेशिवाय विचारून झालं होतं.

घरी आजी भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं, म्हणजे तिला कळेल अशा बेतानं सांगितलं. तिनं हात न थांबवता उत्तर दिलं, "पिठापरास भाकरी जड भरतीच की. त्यात घातल्यालं पाणी कुणीकडं जाईल?"

पाण्याच्या जागी टोल्युइन घातलं तर तिचं उत्तर बिनचूक होतं. पण ते कळायला मला आणखी महिना लागला.

आधी वितळणबिंदू बघताना एक गोष्ट दिसली. साधारण १२५ अंशांना केशनळीतले पारदर्शक स्फटिक एकदम दुधी झाले, जणू आतून कुणी चुना फासला. वितळले नाहीत, नुसते पांढरे पडले. भिंगातून बारीक बुडबुडे दिसले. वितळले ते पुढे, बऱ्याच वर. मग नमुने बाहेरगावी पाठवले. कोल्हापुरात तेव्हा ती यंत्रं आम्हाला सहज मिळण्यासारखी नव्हती, १९९५ ची गोष्ट. तीन आठवड्यांनी आलेख आले. तापवत नेताना वजन कसं घटतं ते दाखवणाऱ्या आलेखात एक सुरेख पायरी होती: १८ टक्के घट. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूतले हायड्रोजन ओळखणाऱ्या तपासणीत, २.३ च्या आसपास एक शिखर होतं, ते माझ्या संयुगाचं नव्हतंच. ते होतं टोल्युइनचं, ज्या द्रावकातून मी स्फटिक काढले होते त्याचं. हिशेब केला तर माझ्या पदार्थाच्या दर रेणूमागे टोल्युइनचा बरोबर एक रेणू. कमी नाही, जास्त नाही. माझं खरं उत्पादन ९० टक्के होतं. वरचे २० टक्के पाव्हण्यांचे.

टोल्युइन ११० अंशांना उकळतं. बाटलीचं बूच उघडं राहिलं तरी उडून जातं. ते माझ्या स्फटिकात १२५ अंशांपर्यंत बसून होतं आणि त्याला तिथं धरून ठेवणारा एकही रासायनिक बंध नव्हता.

स्फटिकात पाणी असतं हे आपण शाळेतच शिकतो. स्फटिकजल. निळा मोरचूद परीक्षानळीत तापवला की पांढरा पडतो, थेंबभर पाणी घातलं की पुन्हा निळा. आजी तोंड आलं की तुरटी तव्यावर फुलवायची. तो तडतडत फुगणारा, लाहीसारखा पांढरा गोळा म्हणजे निघून गेलेल्या पाण्याची रिकामी झालेली जागा. तुरटीच्या १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ४५ ग्रॅम पाणी असतं. आपण न्हाव्याच्या दुकानात गालावर दगड म्हणून फिरवून घेतो ते अर्धंअधिक नाही म्हटलं तरी पाणीच. पण तिथं पाणी धातूच्या आयनाला धरून असतं, बऱ्यापैकी घट्ट. त्याला सोयरा म्हणता येईल. माझ्या टोल्युइनचं तसं काहीच नव्हतं. ते नुसतं बसलं होतं.

अशी प्रकरणं जुनी आहेत. क्लोरीन थंड करून मिळणारे स्फटिक लोक घनरूप क्लोरीन समजत होते, त्यात पाणी आहे हे हम्फ्री डेव्हीनं १८११ च्या सुमारास दाखवलं. १८४९ मध्ये व्होलरला हायड्रोक्विनोनचे असे स्फटिक मिळाले ज्यांच्यात हायड्रोजन सल्फाइड वायू होता. वायू आणि स्फटिक यांच्यात कुठलाही रासायनिक व्यवहार नाही, तरी प्रमाण ठरल्यासारखं. १८८६ मध्ये मायलियसनं अंदाज बांधला की एका पदार्थाचे रेणू दुसऱ्याला नुसते कोंडून ठेवत असावेत. त्याच्याकडे अंदाजाच्या पलीकडे जायचं साधन नव्हतं. ते आलं क्ष-किरणांबरोबर. ऑक्सफर्डमध्ये एच. एम. पॉवेलनं हायड्रोक्विनोनच्या या स्फटिकांची रचना उलगडली आणि १९४८ मध्ये त्यांना नाव दिलं: क्लॅथ्रेट. लॅटिनमधला मूळ अर्थ गजांनी, जाळीनं वेढलेलं. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांसारखं.

पॉवेलचं काम ग्रंथालयात वाचलं आणि मी जवळजवळ पळतच घरी आले. कारण हायड्रोक्विनोन आमच्या घरात होतं.

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे परस आणि न्हाणी. जागा मुळात वाकडी होती. पणजोबांनी घर बांधताना भिंती सरळ घेतल्या आणि वाकडेपणा सगळा एका कोपऱ्यात ढकलला. त्यामुळे माजघराच्या बाजूला एक तिरकी खोली उरली. तिला खिडकी नव्हती, कारण तिच्या दोन्ही बाहेरच्या भिंतींना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. दार माजघरातून. कुणी मुद्दाम बांधलेली खोली नव्हती ती, बाकीचं घर नीट बसवल्यावर राहिलेली.

आजोबा ती भाड्यानं द्यायचे. लॉ कॉलेजचा एक विद्यार्थी महिनाभर टिकला, दिवसा दिवा लावून वाचायला लागतं म्हणून गेला. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी होते, ते पावसाळ्यात गेले. भिंतींना ओल यायची. विम्याचे एजंट आले, आठ दिवसांत गेले, ॲडव्हान्स परत मागायलाही आले नाहीत. मग १९७९ मध्ये फोटोवाले काका आले आणि १९ वर्षं राहिले. त्यांना अंधारच हवा होता. दाराच्या फटीला काळं कापड, लाल दिवा, तीन ट्रे, दोरीवर चिमट्यांनी लटकणारे ओले फोटो. कोल्हापुरात फोटो आणि सिनेमा यांचं वेड काही आजचं नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा इथं बनवला, प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथंच निघाली. काकांचे उस्ताद म्हणे सिनेमाच्या लॅबमध्ये हात काळे केलेले होते. गावातले अर्धे फोटो स्टुडिओ आपले रोल धुवायला काकांकडे पाठवत.

शेल्फवर त्यांच्या बाटल्या असत. मेटॉल, सल्फाइट, हायपो. आणि तपकिरी काचेच्या बरणीत हायड्रोक्विनोन, फोटो उमटवायला लागतं ते. ते त्याला नुसतं "हायड्रो" म्हणायचे. पांढरी, साखरेसारखी पूड. उजेडात आणि हवेत राहिली की तांबूस पडते, म्हणून तपकिरी बरणी. मी त्या दिवशी बरणी हातात घेऊन काकांना पाऊण तास व्याख्यान दिलं. ते लाल उजेडात एका लग्नाचा अल्बम धूत होते आणि अधूनमधून "व्हय?" म्हणत होते.

सांगण्यासारखं खरंच होतं. हायड्रोक्विनोनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. सहा रेणूंचे सहा ओएच एकमेकांचा हात धरून, म्हणजे हायड्रोजन बंधांनी, एक षटकोनी कडं करतात. एक कडं जमीन, दुसरं छत, मध्ये रेणूंच्या भिंती. अशी दोन जाळी एकमेकांत ओवलेली. मधला पिंजरा सुमारे ४ आंगस्ट्रॉमचा. आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. तीन हायड्रोक्विनोनमागे एक पिंजरा. या पिंजऱ्यात सल्फर डायऑक्साइड बसतो, मिथेनॉल बसतं. इथेनॉल बसत नाही. त्याच्या अंगावर एकच कार्बन जास्त आहे, तेवढ्यानं. आर्गॉन बसतो, जो जगात कुणाशी सहसा नातं जोडत नाही. त्याला काही नातं जोडावं लागतच नाही, नुसतं अडकायचं असतं. हेलियम आणि निऑन मात्र बसत नाहीत, ते इतके बारीक की गजांमधून निसटतात. मोठा झालास तर आत येणार नाहीस, फार लहान असलास तर राहणार नाहीस. आणि अडकलेला आर्गॉन सोडवायचा तर स्फटिक पाण्यात विरघळवायचा. मग तो बुडबुड्यांनी वर येतो, जसा होता तसाच, काहीच झालं नाही अशा तोऱ्यात.

"म्हणजे माझ्यागत की," काका म्हणाले होते. "अंधाऱ्या खोलीत बसल्यालं." आम्ही दोघंही हसलो होतो.

या शास्त्रात कोंडणाऱ्याला यजमान म्हणतात आणि कोंडल्या जाणाऱ्याला पाहुणा. कोल्हापुरात हे शब्द जरा जपून वापरावे लागतात. इथं पाव्हणं हा शब्द सगळ्यांनाच आहे. रिक्षावाला पाव्हणं म्हणतो, हमरीतुमरीवर आलेला माणूसही पहिलं वाक्य "ओ पाव्हणं" असंच सुरू करतो. पण आमच्याकडचा पाव्हणा आल्यावर त्याच्यासाठी तांबडा-पांढरा रस्सा होतो. स्फटिकाकडच्या पाहुण्याला यजमान काही देत नाही. उलट पाहुण्यावाचून यजमानाचंच अडतं, हे मला फार उशिरा समजलं.

माझा जो पदार्थ होता त्याच्या रेणूला मधे एक ताठ दांडा आणि दोन्ही टोकांना मोठमोठे फिनाइल गट, म्हणजे सहा कार्बनची सपाट कडी. अशा रेणूंना चाक-आस म्हणतात. जपानमध्ये फुमिओ तोदा यांनी १९६८ मध्ये अशा एका डायॉलचं, म्हणजे दोन ओएच असलेल्या रेणूचं, पाहुणे धरण्याचं कसब दाखवलं आणि पुढे आयुष्यभर असे यजमान घडवले. चाक-आस म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर साखर कारखान्याचं आवार येतं. हंगामात ऊस रिकामा करून उभ्या राहिलेल्या बैलगाड्या. आता त्यातली फक्त चाकं आणि आस घ्या, सगळं वरचं काढून टाका, आणि अशा शंभर जोड्या एका खोलीत रचा. कशाही रचा, आडव्या, उभ्या, एकात एक. फटी राहणारच. दोन चाकांच्या मधे आसाजवळ जो पोकळ भाग आहे तो दुसऱ्या कुठल्या चाकानं भरत नाही. साखरपोती रचावीत तसं हे रचता येत नाही.

आणि निसर्गाला फट खपत नाही. किताइगोरोद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं की सेंद्रिय रेणू स्फटिकात शक्य तितके दाटीनं बसतात, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगटात. साधारण दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश जागा भरलेली असते. त्यापेक्षा फार पोकळ स्फटिक उभाच राहत नाही. मग बेंगरूळ अंगाच्या रेणूनं काय करायचं? शेजारी जो कुणी तरंगत असेल त्याला फटीत घ्यायचं. यजमान म्हणजे मुळात स्वतःशी नीट न जमणारा रेणू. खोली आधी बांधून पाहुण्याची वाट बघत बसलेला कुणी नसतो. खोली आणि पाहुणा एकदमच येतात.

याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या उसाला घालतो त्या युरियात आहे. युरियाचा स्फटिक एरवी भरगच्च असतो, आत काडी शिरणार नाही. १९४० मध्ये बेंगेन नावाच्या जर्मन संशोधकाला आढळलं की सरळ, लांब साखळीच्या रेणूंच्या सोबतीत युरिया आपली बसकच बदलतो. तो त्या साखळीभोवती मळसूत्रासारखा चढत जातो आणि षटकोनी बोगदा तयार होतो, साडेपाच आंगस्ट्रॉमच्या आसपास रुंदीचा. सरळ साखळी आत जाते, फांदी फुटलेली सहसा जात नाही. पेट्रोलियममधून मेणट सरळ साखळ्या वेगळ्या काढायला ही युक्ती वापरली गेली. आणि साखळी काढून घेतली की बोगदा रिकामा उभा राहत नाही. कोसळतो, युरिया पुन्हा आपल्या भरगच्च बैठकीत. माझे स्फटिक १२५ अंशांना दुधी झाले ते याचमुळे. टोल्युइन गेलं आणि एकसंध स्फटिकाचा लाखो तुकड्यांचा चुरा झाला, फक्त बाहेरचा आकार तेवढा शिल्लक. वाडा पडला तरी पुढची भिंत उभी असावी तसा.

खरी गंमत पुढे आहे, निवडीत. मिश्रण दिलं तर यजमान कुणाला घेतो?

झायलीन या द्रवाचे तीन भाऊ आहेत: ऑर्थो, मेटा, पॅरा. तिघांचं रेणुसूत्र एक, वजन एक, फक्त एकेका कार्बनचे दोन मिथिल गट बसलेत कुठे एवढाच फरक. ऑर्थो १४४ अंशांना उकळतो, मेटा १३९ ला, पॅरा १३८ ला. मेटा आणि पॅरा उकळून वेगळे करायचे म्हणजे जुळ्यांना पाठमोरं ओळखण्यासारखं. आणि पॅरा तर हवा असतो ढिगानं. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक आणि पॉलिएस्टरचं कापड यांचा तो पूर्वज. अशा मिश्रणात योग्य यजमान विरघळवून गार होऊ दिला तर स्फटिकात एक भाऊ भरभरून सापडतो, बाकीचे बाहेर. स्फटिक गाळायचे, पटकन धुवायचे, तापवून पाहुणा उडवून गोळा करायचा, यजमान पुन्हा वापरायला मोकळा. केपटाऊनला लुइजी नासिम्बेनी यांच्या गटानं अशा स्पर्धा अनेक वर्षं लावल्या. मोजायची रीत साधी आहे: स्फटिकातलं दोघांचं गुणोत्तर भागिले द्रवातलं दोघांचं गुणोत्तर. द्रवात निम्मेनिम्मे आणि स्फटिकात ९० ला १०, तर उत्तर ९. तोच ९० ला १० चा पाहुणा पुन्हा एकदा त्याच यजमानाकडून गाळून घेतला आणि आवड तेवढीच राहिली तर दुसऱ्या खेपेला जवळजवळ ९९ टक्के शुद्ध. उत्तर १ आलं तर यजमानाला कुणीही चालतं.

कारखान्यांत मात्र हे फारसं गेलेलं नाही. तिथं पॅरा-झायलीन वेगळं काढायला झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचं खनिज, आणि थंड करून स्फटिक पाडणं हेच चालतं. यजमान रेणू महाग, नाजूक, मोजक्या कामाचे. मी स्वतः पुढे दोन वर्षं एमआयडीसीतल्या एका औषधी कंपनीत होते, तिथं तर हा सगळा प्रकार शत्रू होता. औषधाच्या स्फटिकात टोल्युइन १० लाखात ८९० भागांवर गेलं की माल परत, बेंझीनला तर फक्त २ भागांची मुभा. व्हॅक्युम ड्रायर रात्रंदिवस फिरायचा आणि आत बसलेलं द्रावक हलायचं नाही. व्यवस्थापनाला वाटायचं आम्ही वाळवण्यात आळस करतो. ११० टक्क्यांपासून हा आरोप माझ्या पाठीमागे आहे.

निवड कशावरून होते? कधी हायड्रोजन बंधावरून: यजमानाचा ओएच आणि पाहुण्याचा नायट्रोजन जुळले की झालं. कधी दोन सपाट कडी एकमेकांवर सरकून बसतात. कधी नुसत्या आकारावरून. पण मला सगळ्यात विचार करायला लावलेल्या गोष्टी वेगळ्याच होत्या. एक म्हणजे ही आवड कायमची नसते. काही यजमान द्रवात 'अ' थोडा असताना 'ब' ला पसंत करतात आणि 'अ' चं प्रमाण एका मर्यादेवर गेलं की पारडं फिरतं. आलेखात ती रेषा सापासारखी वळते. आणि दुसरी, मिश्रणातच ही आवड कळते. एकेकटा पाहुणा दिला तर यजमान पुष्कळांना घेतो, ज्याला स्पर्धेत हाकलून लावलं असतं त्यालाही. म्हणून एकट्या पाहुण्याचा स्फटिक बघून "हा त्याच्यासाठीच होता" असं म्हणता येत नाही. दुसरं कुणी हजर होतं का, हे आधी विचारायला लागतं.

हे मी ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं शिकवते आहे. आणि वीस वर्षं उदाहरण देते आहे ते फोटोवाल्या काकांचं. वाकडी जागा, उरलेली खोली, कुणीच टिकत नाही, आणि मग बरोब्बर तोच माणूस येतो ज्याला अंधार लागतो. मुलांना फार आवडतं. एका मुलानं एकदा वहीत खोलीचं आणि हायड्रोक्विनोनच्या पिंजऱ्याचं चित्र शेजारी शेजारी काढून आणलं होतं.

मागच्या दिवाळीत काकांना भेटायला फुलेवाडीला गेले. ऐंशीच्या पुढे गेलेत, कान मंद झालेत. आमचं घर पाडून तिथं अपार्टमेंट झालं त्याला बरीच वर्षं झाली. फराळाचं ताट पुढे आलं, इकडचं तिकडचं झालं, आणि मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या वर्गात दरवर्षी असता. गोष्ट सांगितली, मोठ्यानं, कानाशी. ते ऐकत होते. चिवड्यातले शेंगदाणे एका बाजूला करत होते.

"अंधारी मी मागितलीच नव्हती," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नाही.

"पुढची मागितली होती. रस्त्याकडची. दोन खिडक्या होत्या बघ तिला. उत्तरेचा उजेड. मला पोर्ट्रेट काढायचे होते, दिवसाच्या उजेडावर. दुकान टाकायचं होतं." थोडं थांबले. "तुझ्या आजोबांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, एक हाय, पर अंधारी हाय, आतल्या अंगाला. चालंल? चालंल म्हणालो. त्या पेठेत सहा घरं विचारून झाली होती माझी."

त्या खोलीत काय करता येईल याचा विचार त्यांनी ती घेतल्यावर केला होता. पोर्ट्रेट राहिले. दुसऱ्यांचे रोल धुण्याचा धंदा सुरू झाला, आणि तोच १९ वर्षं चालला.

मी काही बोलले नाही. मला पुढची खोली आठवत होती. सोप्याला लागून, दोन गजांच्या खिडक्या. तिच्यात कुणीच राहत नव्हतं. कुणी मोठा पाहुणा आला तर, म्हणून झाडून ठेवलेली असायची. एक पलंग, जोंधळ्याची दोन पोती. स्फटिकाला रिकामी खोली ठेवता येत नाही, ठेवली तर तो कोसळतो. आमचं घर रिकामी खोली ठेवून वर्षानुवर्षं छान उभं होतं.

शाहू महाराजांच्या बोर्डिंगांची यादी आम्ही शाळेत पाठ केली होती. १९०१ चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०८ चं मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य मुलांसाठी, आणि एकेका समाजाची कितीतरी. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, हे वाक्य पाच मार्कांचं होतं. इतकी वसतिगृहं का काढावी लागली, शिकायला आलेल्या पोरांना शहरात खोली का मिळत नव्हती, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. उत्तर आमच्या माजघराच्या बाजूला, तिरक्या खोलीत, लाल दिवा लावून बसलेलं होतं. मी त्याला हायड्रोक्विनोनवर व्याख्यान दिलं होतं.

आणि "माझ्यागत की" हे ते तेव्हा म्हणाले, त्यावर मी हसले होते.

"राग नाही गं," काका म्हणाले. "आजी तुझी चांगली होती. पहिल्या पावसात ओल आली तर तिनंच चुना आणून दिला." मग उठले, कपाटातून एक खाकी पाकीट काढलं. आत जुने प्रिंट होते, कडा वळलेल्या. त्यातला एक शोधून माझ्या हातात दिला. आमच्या घराची पुढची बाजू, रस्त्यापलीकडून काढलेली. सकाळची वेळ. दोन खिडक्यांच्या गजांच्या सावल्या भिंतीवर तिरक्या पडलेल्या.

"आलो त्या आठवड्यात काढलेला. उजेड कसा येतो बघायला."

मागे पेन्सिलीनं तारीख होती, आणि एक्स्पोजर: एफ ८, १/६०. खिडक्यांची दारं लावलेली होती.